शहाऐंशी बत्तीस आणि इतर मंडळी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-हुक्केरीकडं उसाला नाव नसतं, नंबर असतो. पारावर कुणाला विचारा, "यंदा काय लावलासा?" उत्तर येतं, "दोन एकर शहाऐंशी बत्तीस, वड्याकडंला दोनशे पासष्ट." परक्याला वाटावं, एसटीचे नंबर चाललेत. शहाऐंशी बत्तीस म्हणजे कागदोपत्री 'को ८६०३२'. 'को' म्हणजे कोईमतूर. १९१२ पासून तिथं उसाची पैदास चालते. पुढचे दोन आकडे सालाचे. दोनशे पासष्टचं पूर्ण नाव 'कोएम ०२६५', आणि त्यातला 'एम' महाराष्ट्राचा. सीमाभागात राहून हा 'एम' आम्ही कुणी उच्चारत नाही. यात राजकारण काही नाही, निव्वळ आळस.

खरी मजा पुढंच आहे. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात नुसत्या आकड्यांचं नाव नोंदवता येत नाही. शेतकऱ्यानं नेमकी अक्षरं गाळून आकडे तेवढे ठेवले.

जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचेही नियम आहेतच. रानात आपसूक निपजलेला प्रकार असेल तर नाव लॅटिन, तिरक्या अक्षरांत. माणसानं निवडून टिकवलेलं वाण असेल तर सरळ अक्षरांत, एकेरी अवतरणचिन्हांत, आणि १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन नाव चालतच नाही. त्यामुळं चेरीएवढ्या रानटी टोमॅटोला 'सोलॅनम लायकोपर्सिकम व्हरायटी सेरासिफॉर्मे' असं भारदस्त बिरूद, आणि घराघरांत शिजणारा बटाटा नुसता 'कुफ्री ज्योती'. कुफ्री हे सिमल्याजवळचं गाव. बेळगावच्या तांबड्या मातीत येईपर्यंत कुफ्री गळाली, ज्योती राहिली.

मला विचाराल तर सगळ्यांत नेमकी नावं मिरचीवाल्यांनी ठेवलीत. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बायका दुकानात विचारतात ते 'कड्डी की डब्बी?' लांब, सडपातळ, अंगभर सुरकुत्या ती कड्डी. आखूड, फुगीर, डबीसारखी ती डब्बी. दोन्ही तिखटाला बेताच्या, रंगाला जबर. देठ मोडले की बोटं लाल. नाव ऐकल्यावर माल न बघता पिशवी पुढं करावी, इतकं ते चोख. शब्द कानडी, कांडप मराठी, कुणाचं काही अडत नाही. आमची संकेश्वरी मात्र गावाचं नाव लावून फसली. आता ती कुठं पिकलीय हे विचारायचं धाडस मी करत नाही.

तांदळाच्या बाबतीत मात्र माझी सहनशक्ती संपते. इंद्रायणी हे आंबेमोहर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकराचं वाण, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ चं. नाव नदीचं. त्या नदीचं पाणी खानापूरच्या शिवाराला कधी लागलं नाही, तरी भात इथं झकास येतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की हल्ली जरा आखूड, जरा चिकट होणारा कुठलाही तांदूळ 'इंद्रायणी' होऊन पोत्यात बसतो. शहापूर-येळ्ळूरच्या शिवारातल्या आमच्या बासमतीचंही तेच. पिकतो थोडा, विकला जातो ढीगभर. एका नावाचं एकच वाण, हा शास्त्रज्ञांचा हट्ट मला बाजारात गेल्यावरच पटतो.

परवा बेळगावच्या रविवार पेठेत एका दुकानात मूठभर तांदूळ तळहातावर चोळला, नाकाशी धरला. काही नाही. पोत्याचाच वास.

"अहो, ही इंद्रायणी?"

"इंद्रायणीच हाय की ओ वैनी."

"मग आंबेमोहराचा वास कुठं गेला?"

"नवीन माल हाय. जरा जुना होऊ दे, येतंय की वास."

वास जुनेपणानं उडतो, येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. एक किलो बांधून घेतला. इडलीला चालेल.