माझा अनुभव : खानापूर तालुक्यात दगडखाणीची फाईल

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात स्वतःच्या जमिनीत काळ्या दगडाची खाण काढायची म्हटलं की लोक आधी एनओसीसाठी हेलपाटे घालतात. आम्ही आधी नकाशा काढला, ते बरं झालं. आमच्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ चं. सुप्रीम कोर्टाच्या २६ एप्रिल २०२३ च्या आदेशानुसार अभयारण्याच्या हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम बंद. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत आणि आपल्या जमिनीच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापासून धरायचं. इको-सेन्सिटिव्ह झोनची (अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याची) अधिसूचना वेगळी असते. तिच्यात सर्व्हे नंबर सापडला तरी विषय संपला.

आमचा वेळ खाल्ला तो केएमएल फाईलने, म्हणजे जमिनीची हद्द नकाशावर दाखवणाऱ्या फाईलने. मोजणीच्या कागदावर अक्षांश १५°३८′३०″ होतं, टाईप झालं १५.३८३०. खरा दशांश १५.६४१७. फरक सुमारे साडेअठ्ठावीस किलोमीटर, म्हणजे आमची खाण थेट उत्तर कन्नडच्या जंगलात! अर्जाच्या सरकारी पोर्टलने फाईल मुकाट घेतली, त्रुटी निघाली पुढच्या टेबलावर. अपलोड करण्याआधी गुगल अर्थवर टाकून आपली विहीर, आपला बांध दिसतो का, एवढं बघा.

मग शेजारच्या खाणी. दोन लीजच्या (खाणपट्ट्यांच्या) हद्दी ५०० मीटरच्या आत असल्या की त्यांचा क्लस्टर (एकत्र धरलेला समूह) होतो, आणि एकूण क्षेत्र ५ हेक्टरवर गेलं की ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचा) अहवाल व जनसुनावणी मागे लागते. तीन वर्षं किंवा जास्त बंद असलेल्या लीज, तसंच १५ जानेवारी २०१६ पर्यंत पर्यावरण मंजुरी मिळालेल्या लीज या बेरजेत धरत नाहीत. खाण खात्याकडून क्लस्टरचं पत्र घेताना हे तपासा.

मायनिंग प्लॅनमध्ये (खाणकामाच्या आराखड्यात) दगडाचा हिशेब बहुतेकांचा फुगतो. १०० बाय ८० मीटरच्या, म्हणजे साधारण ७९ गुंठ्यांच्या तुकड्यात चारी बाजूंनी साडेसात मीटर सोडले की उरतात ८५ बाय ६५. ६ मीटर उंच, ६ मीटर रुंद पायऱ्या धरल्या तर तिसऱ्या पायरीला ६१ बाय ४१. मूळ १०० बाय ८० च्या तुकड्याच्या तिसऱ्या हिस्स्याहूनही कमी. खडीचा भाव ठरवताना पायरीगणिक घटणारं हे क्षेत्र धरावं.

पर्यावरण मंजुरी आली तरी प्रदूषण मंडळाची संमती आणि लीज डीड (खाणपट्ट्याचा करार) होईपर्यंत मशीन लावू नये. आणि उताऱ्यावर कन्नडमध्ये अजून आजोबांचंच नाव असेल, तर वारसा नोंद या सगळ्याच्या आधी.