स्कोअरशीट क्रमांक ११: अठ्ठाविसावा चौकोन

बेसबॉलची स्कोअरशीट लिहायला शिकतोय; या खेपेला एक अख्खा सामना व्हिडिओ न थांबवता मांडायचा, असं ठरवलं होतं. निवडला २ जून २०१० चा, डेट्रॉइट टायगर्स विरुद्ध क्लीव्हलँड. निवडीमागे निव्वळ आळस: सामना १ तास ४४ मिनिटांत आटोपला होता.

आधी प्रगती. फील्डरांचे आकडे (शीटवर नावाऐवजी जागेचा आकडा लिहितात) आता हातात बसलेत. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५. सेकंड आणि थर्डच्या मधे उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉपला ६ का, ही माझी कुरकुर चालूच आहे, पण पेन्सिल त्यापायी अडत नाही. मैदानावर क्रिकेटची वही सांभाळलेल्यांना एक सूचना: सहा टिंबं जोडून मेडनचा एम काढायला हात शिवशिवतो, तेवढा आवरा. बाकी फार परकं वाटत नाही. वाटणार तरी कसं, बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांतला गोषवारा) रुजवणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्लिश आणि क्रिकेटचाही वार्ताहर. स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइक होऊन बाद) 'के' त्याचाच, 'स्ट्रक'मधलं शेवटचं अक्षर.

तर सामना. डेट्रॉइटचा पिचर अर्मांडो गालारागा. दर बॅटरच्या पाळीला एक चौकोन, आणि इनिंगला तीन बाद. आठ इनिंग्ज झाल्या तेव्हा क्लीव्हलँडच्या पानावर २४ चौकोन भरले होते आणि एकाही चौकोनात फर्स्ट बेसकडे जाणारी रेघ नव्हती, म्हणजे एकही बॅटर बेसवर पोचला नव्हता. नवव्या इनिंगला ग्रुडझिलानेकने चेंडू सेंटर फील्डमध्ये खोल मारला. ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरं धावत तो खांद्यावरून झेलला. मी एफ-८ (सेंटर फील्डरने, म्हणजे ८ ने, घेतलेला झेल) लिहिलं आणि बाजूला एक चांदणी काढली (नियमात नाही, माझी हौस). रेडमंड ६-३, म्हणजे शॉर्टस्टॉपने फर्स्ट बेसकडे फेकून बाद. सव्वीस बाद, आता एकच उरला.

मग जेसन डोनल्ड. चेंडू फर्स्ट आणि सेकंडच्या मधे. फर्स्ट बेसवरच्या कब्रेराने उजवीकडे जाऊन उचलला, बेसवर धावत आलेल्या गालारागाकडे फेकला. माझ्या पेन्सिलीने ३-१ लिहूनही टाकलं. आणि अंपायर जिम जॉइसचे दोन्ही हात आडवे. सेफ!

खोडलं. हिट (फटक्यावर बेस गाठला) लिहिली. कागदावर खालचा ३-१ अजून पुसट दिसतो.

जॉइसने सामन्यानंतर रिप्ले पाहून चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी गालारागाने स्वतः होम प्लेटवर जाऊन त्याच्या हाती संघाची यादी दिली, तेव्हा जॉइसचे डोळे भरून आले होते. लीगचा तेव्हाचा कमिशनर बड सेलिगने निकाल बदलला नाही. नाहीतर हा इतिहासातला २१ वा परफेक्ट गेम (समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस ओळीने बाद, बेसवर एकही नाही) ठरला असता. चारच दिवस आधी रॉय हॅलाडेने विसावा टाकला होता. असले निर्णय रिप्लेवर तपासण्याची सोय २०१४ मध्ये आली.

स्कोअररला खरा घाम फुटतो तो यापुढे. डोनल्ड सेकंडला गेला, मग थर्डला, आणि त्याला अडवायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. मी दोन्हीकडे स्टील (बेसची चोरी) लिहून मोकळा झालो. चूक! बचाव करणाऱ्यांनी पर्वाच केली नाही तर चोरीचं श्रेय मिळत नाही. त्याला 'डिफेन्सिव्ह इन्डिफरन्स' म्हणतात, खूण डीआय. परत खोडरबर. शेवटी क्रो ५-३. गालारागाचे एकूण चेंडू ८८.

आता ताळा. बॅटिंगला आलेले सगळे एका बाजूला; रन्स, बेसवर अडकलेले आणि समोरच्या संघाचे पुटआउट (त्यांनी घेतलेले बाद) दुसऱ्या बाजूला. दोन्ही सारखे आले पाहिजेत. क्लीव्हलँड: २८ बॅटर, ० रन्स, १ अडकलेला, २७ पुटआउट. जुळलं. मग गंमत म्हणून खोडलेला ३-१ खरा धरून पाहिलं: २७ बॅटर, ०, ०, २७. तेही जुळलं.

डेट्रॉइटच्या पानाचा ताळा मात्र एकाने चुकतोय. आठवी इनिंग घाईत मांडली होती, तिथेच कुठेतरी एक रनर हरवलाय. रविवारी पुन्हा लावून बसतो.