दोघं आणि दीड तिकीट

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही सिंहगडाला गेलो आणि 860 रुपये उडवून आलो. सिंहगडाला! पुण्यातली शाळेची पोरं जिथं खिशात शंभराची नोट घालून जाऊन येतात, तिथं आम्ही दोन शिकलीसवरलेली माणसं एवढे पैसे घालवून परतलो, आणि वर माझ्या होस्टेलच्या गेटवर रेक्टर मॅडमची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आम्ही दोघंही विद्यार्थी. मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो लॉ करतो आणि उरलेला वेळ अभ्यासिकेत घालवतो. तो लातूरचा, म्हणून मी त्याला लातूरकरच म्हणते. मी सातारा जिल्ह्यातली. दोघांचं मिळून महिन्याचं फिरण्याचं बजेट एक हजार, म्हणजे फार तर दोन ट्रिपा. मुक्कामाचा प्रश्नच नाही, साडेनऊला गेट बंद होतं. आणि फिरायचं तर दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतच, कारण मार्चनंतर सह्याद्रीत दुपारी उभं राहवत नाही आणि पावसाळ्यात सगळं पुणं तिकडंच असतं.

लातूरकर वहीच्या मागच्या पानावर हिशेब लिहितो. सिंहगडाचा असा होता: जाताना बस 100, वर पिठलं-भाकरी, भजी आणि मडक्यातलं दही मिळून 240, उतरताना शेअर जीप 120, रिक्षा 400. पहिल्या दोन रकमांत वावगं काही नाही. गडावर जाऊन मडक्यातलं दही न खाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. घोळ खालच्या दोन रकमांत आहे. आम्ही निघालोच दहाला. आतकरवाडीतून चढायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तानाजींच्या समाधीपाशी गेलो, देवटाक्याचं गार पाणी प्यायलो, कल्याण दरवाज्याकडे जाऊन निवांत बसलो. डिसेंबर तोंडावर आला की सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, ही गोष्ट वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थिनीला माहीत असायला हरकत नव्हती. साडेपाचला उठलो. अंधारात पायवाट उतरायची हिंमत होईना म्हणून जीप केली. खाली येतो तर बसला ही गर्दी! दोन बस डोळ्यांदेखत भरून गेल्या. घड्याळ पुढं सरकत होतं. मग रिक्षा.

त्या रात्री त्याने हिशेबाखाली एक ओळ लिहिली: "जाण्याचे 100, येण्याचे 520." तेव्हापासून आम्ही ट्रिप उलटी आखतो. परतीची शेवटची खात्रीची गाडी कोणती, त्याच्या आधीची कोणती, ती पकडायला ठिकाणावरून कधी निघायचं, हे आधी. कुठं जायचं ते त्यानंतर.

दुसरी गोष्ट मेसची. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्यामुळे रविवारी बाहेर पडलं की रात्रीच्या जेवणाचेही पैसे अंगावर येतात. म्हणून आम्ही माझं प्रॅक्टिकल नसलेला आठवड्यातला दिवस धरायला लागलो. त्याच्या मेसला आदल्या दिवशी सांगून खाडा टाकायचा, म्हणजे त्या दोन वेळा पुढं भरून मिळतात. खाड्याचे पैसे ट्रिपेच्या हिशेबात धरायचे की नाहीत, यावर आमचं अजून एकमत नाही.

पुढची ट्रिप मळवली. पुणे-लोणावळा लोकलचं तिकीट 15 रुपये, यापेक्षा स्वस्त काय असणार? सकाळी शिवाजीनगरहून निघालो, भाज्याची लेणी बघितली, आणि मला तीन वाजता डिपार्टमेंटला पोचायचं होतं म्हणून पावणेबाराला स्टेशनवर परत आलो. बाकावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "आता कुठली लोकल? दुपारची गाडी येईपर्यंत बसा निवांत." या मार्गावर दुपारी लोकलला मोठा खंड पडतो. परतीची गाडी बघायची हा नियम आम्ही केला होता, पण बघितली होती फक्त शेवटची. त्या बाकावर आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली, आजोबांनी त्यांच्यातला पेरू कापून दिला, आणि माझं सेमिनार बुडालं.

पण त्या खंडानेच पुढची ट्रिप आखून दिली. गाडी नसण्याची वेळ गडावर घालवायची! पंधरा दिवसांनी परत मळवलीला उतरलो. स्टेशनवरून एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं. लेण्यांच्या पायऱ्या तशाच डाव्या टाकून आम्ही सरळ लोहगडची वाट धरली. लोहगड आणि विसापूर यांच्यामध्ये गायमुख खिंड आहे. तिथपर्यंतचा चढ पावसाळ्यात चिखलाचा असतो. डिसेंबरात मात्र रस्ता कोरडा, दोन्ही बाजूंना गवत पिवळं पडलेलं आणि झाडाखाली गेलं की गारठा. अंगात स्वेटर ठेवावा की काढावा हे ठरवण्यातच पहिला तास जातो. रमतगमत गडाच्या पायथ्याला पोचायला आम्हाला अडीच तास लागले. वाटेत भाड्याच्या गाड्या विचारत होत्या, पण आम्ही मान हलवून पुढं.

लोहगडची चढण सोपी आहे, चांगल्या बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागोमाग वळणं घेत लागतात. वरून खाली बघितलं की कळतं, शत्रू कुठल्याही दरवाज्यात आला तरी वरच्या तटावरून माऱ्यात सापडणारच. 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली, त्यात लोहगडही आहे. त्यामुळे रविवारी तिथं जाणं आता मी तरी कुणाला सुचवणार नाही. आम्ही गेलो तो मंगळवार होता. विंचूकाट्याच्या टोकापर्यंत गेलो. खाली पवना धरणाचं पाणी, समोर तुंग आणि तिकोना. पावसात इथं स्वतःचा हात दिसत नाही म्हणतात. आम्हाला मात्र सगळं दिसत होतं, फक्त जरा धुरकट. माकडांनी आमची केळी नेली. ती लातूरकरने हिशेबात "इतर" या सदराखाली घातली.

उतरताना भाज्याला चार वाजता आलो, आणि सकाळी न थांबण्याचा खरा फायदा तेव्हा मिळाला. ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. पहिल्या वेळी सकाळी बघितलं होतं तेव्हा चैत्यगृह सावलीत होतं. आता हिवाळ्याचं उतरतं ऊन त्या पिंपळपानी कमानीतून थेट आत शिरत होतं. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं हे काम. छताला लाकडी तुळया आहेत. दगडातच कोरलेलं लेणं, त्याला लाकडाच्या आधाराची गरज नव्हती, पण त्याआधी लाकडाची चैत्यगृहं बांधणाऱ्या हातांची सवय सुटली नसावी. त्या जुन्या लाकडापाशी मी इतकी रेंगाळले की राखणदारकाका म्हणाले, "ताई, सुतारकामाच्या का?" पलीकडे चौदा स्तूपांचा एक घोळका आहे, आणि दक्षिणेच्या टोकाच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं. तिथंच एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवताना कोरली आहे. तिकीट माणशी 25, ऑनलाइन काढलं तर 20. गडाचं वेगळं. सगळं धरून दोघांचे 290 झाले आणि आठच्या आत मी होस्टेलवर होते.

जानेवारीत भिगवणचं मनावर घेतलं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी येतात, हे आमचे सर दरवर्षी सांगतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, त्यालाच अग्निपंख असंही म्हणतात. अंतर शंभर किलोमीटर, त्यामुळे बजेटच्या बाहेर वाटत होतं. पण एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. लातूरकरच्या हे तोवर डोक्यात आलंच नव्हतं. स्वारगेटला पहाटे साडेपाचच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "दोन?" मी म्हटलं, "दीड." लातूरकर इतका खूश झाला की यापुढं लांबच्या ट्रिपा एसटीनेच करायच्या असं त्याने यवतच्या आधीच जाहीर केलं. मी म्हटलं, अरे, सवलत मला आहे, तुला नाही.

भिगवणला उतरून कुंभारगावला जायचं होतं. तिथं पोचवणाऱ्या जीपला काय म्हणायचं यावर आमचा वाद होतो. आमच्याकडे ते वडाप, त्यांच्याकडे काळी-पिवळी, रंग कुठलाही असो. तर वडाप थोड्या अंतरापर्यंत मिळालं, पुढं उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत चालत गेलो. गळीत हंगाम ऐन भरात होता.

नावेचा हिशेब माणशी नसून नावेचा असतो, हे काठावर गेल्यावर कळलं. दोघांनी अख्खी नाव घेतली असती तर महिन्याचं सगळं बजेट संपलं असतं. पहिली एक नाव निघत होती, त्यात मोठमोठ्या लेन्सवाले तिघं. आम्ही विचारलं, तर त्यांना शांतता हवी होती. रास्तच आहे, ते पहाटेपासून बुरख्यासारखं कापड पांघरून बसलेले. अर्धा तास थांबलो. मग बारामतीकडचं एक कुटुंब आलं, आईवडील, दोन मुलं आणि मुलांचे आजोबा. त्यांनी विचारायच्या आधीच आम्हाला आत घेतलं. नाव सात जणांत वाटली गेली. शांतता अर्थातच मिळाली नाही.

नावाडीदादा मासेमारी करणारे. पक्षी जवळ आल्यावर इंजिन बंद करून बांबूने नाव ढकलत नेत होते. आधी शेकाट्या दिसले, लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळणारे. मग चक्रवाकाच्या जोड्या. दादा म्हणाले, "हे कायम जोडीनंच." लातूरकर माझ्याकडे बघून हसला, आणि आजोबांनी ते बघितलं. मग पुढं उथळ पाण्यात रोहितांचा थवा. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलातून खाणं गाळत होते. धाकट्या मुलाने विचारलं, ते गुलाबी कशाने झाले? यासाठीच तर मी एमएस्सी करतेय! शेवाळातली आणि बारीक जलचरांमधली रंगद्रव्यं पिसांत उतरतात असं मी समजावलं. तो म्हणाला, "मग गाजर खाल्लं तर मीपण होईन?" तत्त्व बरोबर होतं. पुढचा अर्धा तास माझ्याकडे बाकीच्या शंका. थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला आणि नावेत पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

दुपारी भिगवणला मी चिलापी फ्राय खाल्ली. लातूरकर शाकाहारी, त्याने डब्यातली भाकरी खाल्ली आणि माझ्या थाळीच्या किमतीकडे दुःखाने बघितलं. काठावरून हायवेपर्यंत नावाडीदादांच्या भाच्याने आम्हाला मोटरसायकलवर आणून सोडलं, पैसे घेतले नाहीत. एकूण 740. एका ट्रिपेच्या बजेटबाहेर गेलं, पण त्या महिन्यात आम्ही दुसरी ट्रिप केली नाही. परतीची एसटी मात्र ठरवलेली होती तीच पकडली.

फेब्रुवारीत वाई. यात माझ्याकडून जरा भीती होती, कारण सातारा रस्त्यावर मला ओळखणारं कुणीतरी असतंच आणि घरी अजून काही सांगितलेलं नाही. म्हणून ठरवलं, एसटीत वेगळं बसायचं, तिकिटंही वेगळी काढायची. जाताना तसंच केलं. वाईत ढोल्या गणपती केला, कृष्णेच्या कडेने मेणवलीला चालत गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघितला, आणि चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची ती भली मोठी घंटा. घाटावर पाय सोडून तीन तास बसलो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात होती, त्यातली एक पेटी घेतली. खर्च काहीच नाही म्हटलं तरी चालेल.

परतीच्या गाडीत मी पुढं बसले, लातूरकर दोन ओळी मागं उभा. शेजारी एक आजी येऊन बसल्या आणि मला निरखून म्हणाल्या, "तात्यांची नात न्हवं का गं तू?" माझ्या आजोळच्या, पलीकडच्या आळीतल्या. पुण्याला लेकीकडे निघालेल्या. मी घामाघूम. कंडक्टर आला. आजींनी आधार कार्ड दाखवलं, पंचाहत्तरीच्या वर त्यांना प्रवास फुकट. मी म्हटलं, "एक अर्धं, स्वारगेट." आणि पाचशेची नोट काढली, कारण सगळे सुट्टे स्ट्रॉबेरीत गेले होते.

"सुट्टे द्या ताई."

सुट्टे लातूरकरच्या खिशात. मी मागं वळून बघितलं. तो खिडकीबाहेर असा काही बघत होता, जणू वाईचा उसाचा फडच पहिल्यांदा दिसतोय. कंडक्टरने मागं हात केला, "तुमचं कुठलं साहेब?" तो म्हणाला, "एक पूर्ण, स्वारगेट," आणि सवयीने माझ्याकडे बघितलं.

आजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या मांडीवरच्या अर्ध्या खाल्लेल्या पेटीकडे.

"आरं, दीड काढ की एकदमच," त्या कंडक्टरला म्हणाल्या, "सुट्ट्याचा ताप कशाला." आणि खिडकीकडे सरकून त्यांनी सीटवर जागा केली.