'चेल्ला'ला 'सेल' म्हणायचं की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: सिएनाच्या संत कॅथरिनच्या लेखनात 'चेल्ला' (मठातली लहान खोली) हा इटालियन शब्द पावलोपावली भेटतो. इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ 'सेल' आयता हजर आहे, दोघं एकाच लॅटिन घरातले. मग भाषांतर करणारे तिथे एवढे घुटमळतात कशाला?

उत्तर आधीच सांगून टाकतो. शेवटी 'सेल'च लिहायचं. पण बाकीचे सगळे पर्याय लावून, ते का पडतात हे बघून मग लिहायचं. न बघता लिहिलेला 'सेल' आजूबाजूचं वाक्य बिघडवतो, आणि बिघाड सहसा त्या शब्दात दिसत नाही, त्याच्या शेजारच्या क्रियापदात दिसतो.

कॅथरिन (1347–1380) मठात राहणारी जोगीण नव्हती. ती डोमिनिकन परंपरेतल्या 'मान्तेल्लाते' नावाच्या स्त्रियांपैकी. या बायका व्रतस्थ राहत, अंगावर झगा घेत, पण आपापल्या घरीच असत. तिचे चरित्रकार कापुआचे रेमंड सांगतात की लग्नाला नकार देऊन तिने केस कापले, तेव्हा घरच्यांनी तिची खोली काढून घेतली आणि तिला घरकामाला जुंपलं. त्यावर तिने मनातच एक खोली बांधली, कोणाला काढून घेता येणार नाही अशी. पुढे 1377–78मध्ये तिने 'दियालोगो' हा ग्रंथ तोंडी सांगून तोस्कानी बोलीत लिहून घेतला, त्याच्या पहिल्याच वाक्यात ही खोली आहे: 'चेल्ला देल कोन्योशिमेंतो दि से', स्वतःला ओळखण्याची खोली. (मराठी कानाला 'चेल्ला'त चेला ऐकू येतो. त्याचा इथे काही संबंध नाही.)

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सायन मठातल्या जोगिणींसाठी या ग्रंथाचं इंग्रजी रूप झालं, 'द ऑर्चर्ड ऑफ सायन' नावाने. त्या काळच्या इंग्रजी कानाला 'सेल' म्हणजे मठ, खोली, एकांत. दुसरं काही सहसा मनात येत नसे. 1665मध्ये रॉबर्ट हुकने बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं आणि शब्द जीवशास्त्राने उचलला. मग तुरुंग आला, बॅटरी आली, भूमिगत टोळी आली, आणि आता खिशातला फोन. इटालियनमध्ये मात्र वाटणी झालेली आहे. पेशी आणि भूमिगत गट म्हणजे 'चेल्लुला', मोबाइल म्हणजे 'चेल्लुलारे', आणि 'चेल्ला' मठाकडे, तुरुंगाकडे आणि शीतगृहाकडे राहिली. त्यामुळे आजचा इटालियन वाचक जिथे दोन-तीन अर्थांतून निवडतो, तिथे इंग्रजी वाचकाला सहा-सात बाजूला सारावे लागतात. आपल्याला हे समजायला 'कोठडी' शब्द पुरे. अजिंठ्याच्या विहारातल्या भिक्खूंची ती कोठडीच. पण पेपरात 'तीन दिवसांची कोठडी' वाचणाऱ्याला विहार आठवत नाही.

मग पर्याय. 'रूम' फार मोकळा. त्यात दार लावून बसण्याची शिस्त नाही. 'चेंबर' म्हटलं की राजवाडा नाहीतर न्यायाधीश. 'क्लोझेट' किंग जेम्स बायबलात मत्तय 6:6ला आहे, 'प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा' या वाक्यात, पण आज तो कपड्यांचं कपाट झाला आहे आणि त्यातून 'बाहेर येणं' याचा वेगळाच अर्थ रूढ आहे. 'क्युबिकल' ऑफिसचा. 'हर्मिटेज' म्हणजे रानातला आश्रम, आणि कॅथरिन तर प्लेगचे रोगी बघायला, राजकारणी समेट घडवायला, पोपला भेटायला गावोगाव फिरणारी बाई. 'हाउस' चालला असता, पण ती स्वतः कधीकधी 'कासा' म्हणजे घर हा शब्दही वापरते, प्रेषित दार लावून पवित्र आत्म्याची वाट पाहत बसले होते ते घर डोळ्यासमोर ठेवून. 'चेल्ला'ला 'हाउस' केलंत तर 'कासा'ला काय करणार?

हे पर्याय कागदावर जोखण्यापेक्षा एका अवघड उताऱ्यावर लावून पाहावेत. त्यासाठी आलेस्सा या मान्तेल्लाता सखीला लिहिलेलं 49वं पत्र घ्यावं (क्रमांक तोम्माझेओ यांनी काढलेल्या तिच्या पत्रसंग्रहाचा). त्यात कॅथरिन म्हणते, दोन निवास कर. एक खरीखुरी चेल्ला, म्हणजे गरज, प्रमुख जोगिणीची आज्ञा किंवा प्रेमाचं कर्तव्य असल्याशिवाय इकडेतिकडे फिरू नकोस. दुसरा निवास आत्मिक, तो नेहमी बरोबर बाळग. ती म्हणजे स्वतःच्या खऱ्या ओळखीची चेल्ला, तिथे तुला 'तुझ्यातला' देवाचा चांगुलपणा सापडेल. आणि लगेच पुढे: या आतल्या एकात दोन चेल्ला आहेत (स्वतःची ओळख आणि देवाच्या चांगुलपणाची ओळख), एकीत राहायचं तर दुसरीतही राहायला हवं, नाहीतर जीव 'कोन्फुझिओने'त किंवा 'प्रेझुन्त्सिओने'त (फुशारकीत) जाईल.

इथे निकाल लागतो. विटामातीची खोली आणि मनातली खोली एकाच परिच्छेदात, एकाच शब्दाने. विटामातीच्या खोलीला 'सेल' आणि मनातलीला 'इनर रूम' केलं की दोन निवासांची जोडी तुटते. म्हणजे जो शब्द दोन्हीकडे चालेल तोच हवा, आणि तसा 'सेल'शिवाय उरत नाही. याच उताऱ्यात आणखी एक खड्डा आहे. 'कोन्फुझिओने' म्हणजे गोंधळ नव्हे. फक्त स्वतःचे दोष पाहत बसल्यावर येणारी, खचवून टाकणारी लाज. इंग्रजीत 'कन्फ्यूजन' लिहिलं की वाचकाला वाटतं बाईंना काही सुचेनासं झालं. आणि मग दोन चेल्ला का लागतात हेच कळत नाही: नुसतं स्वतःला पाहिलं तर माणूस खचतो, नुसता देवाचा चांगुलपणा पाहिला तर फुशारतो.

आता ग्रंथाचं पहिलं वाक्य. जीव 'आबितुआता ए आबिताता' असतो त्या चेल्लात, सवय झालेला आणि वस्तीला आलेला. दोन्ही शब्द एकाच धातूचे, कानाला जवळजवळ सारखे. 1896च्या अल्गर थोरोल्ड यांच्या भाषांतरात तिथे नुसतं 'रिमेनिंग' आहे, म्हणजे राहणं आलं, सवय गेली. 1980च्या सुझॅन नॉफ्के यांच्या भाषांतरात 'बिकम अकस्टम्ड टु ड्वेलिंग', अर्थ दोन्ही आले, नाद गेला. माझं मत विचाराल तर नॉफ्केंचा सौदा चांगला. नादासाठी 'हॅबिट' आणि 'इनहॅबिट' जोडता येतात, पण 'हॅबिट' म्हणजे जोगिणीचा झगाही, आणि मान्तेल्लातेंच्या बाबतीत तो अर्थ दाराशी उभाच असतो. श्लेष नको तिथे श्लेष होतो.

त्याच वाक्यात पुढे 'ला बोन्ता दि दिओ इन से' (शब्दशः 'आपल्यातला देवाचा चांगुलपणा') आहे. थोरोल्ड आणि नॉफ्के दोघांच्याही इंग्रजीत देवाचा चांगुलपणा तिच्या'प्रति' आहे. जुन्या तोस्कानीत 'इन'चा असा अर्थ होतो, म्हणून ते चूक म्हणता येत नाही. पण चेल्ला ही आत शिरायची जागा. शिरल्यावर जे सापडतं ते आतच असायला हवं. शिवाय 'से' म्हणजे जीव की खुद्द देव, अशीही शंका काढता येते. 49व्या पत्रातलं 'तुझ्यातला' ही शंका मिटवतं आणि 'आत' या अर्थाकडे वजन टाकतं. मी असतो तर 'विदिन हर' लिहिलं असतं. रूपक फक्त नामात नसतं, असल्या दोन अक्षरी अव्ययांवर ते उभं असतं.

प्रत्यक्ष काम करताना क्रम असा ठेवा. जुलियाना काव्वालिनी यांची 'दियालोगो'ची 1968ची चिकित्सक आवृत्ती आणि पत्रं घेऊन 'चेल्ला' येणारं प्रत्येक वाक्य वेगळं काढा. खरी खोली कुठली, मनातली कुठली, कुठे दोन्ही, अशी खूण करा. प्रत्येकाशेजारी क्रियापद लिहा: राहणं, बंद करून घेणं, बाहेर पडणं, बरोबर नेणं. मग त्या क्रियापदांना इंग्रजी शब्द ठरवा, कारण 'सेल'ला तुरुंगापासून वाचवतं ते क्रियापद. 'कन्फाइन्ड' किंवा 'लॉक्ड' आलं की वाचक गजाआड गेला. 'ड्वेल' आणि 'एन्टर' आलं की मठात. पहिल्या वाक्यात 'ड्वेल' ठेवा, म्हणजे पुढे तळटीप लागत नाही. आणि एकदा ठरला की शब्द बदलू नका. तोचतोचपणा टाळण्यासाठी मध्येच 'चेंबर' घालणारे संपादक भेटतात. त्यांना 49वं पत्र दाखवा.

मसुदा झाला की मोठ्याने वाचा. 'सेल ऑफ सेल्फ-नॉलेज'मध्ये 'सेल' आणि 'सेल्फ' इतके जवळ येतात की ऐकणाऱ्याला एकच शब्द दोनदा आल्यासारखा वाटतो; इटालियनमध्ये ही आदळआपट नाही. छापील पानावर ती खपून जाते, म्हणून मनात वाचायच्या आवृत्तीत ठरलेला शब्दप्रयोगच राहू द्या. प्रार्थनेच्या वेळी किंवा जेवणघरात मोठ्याने वाचायची प्रत असेल तर 'द सेल ऑफ नोइंग हरसेल्फ' करून पाहा. एक अक्षर वाढतं, पण 'सेल्फ' शेवटी गेल्याने जीभ अडखळत नाही.