कणकेतला हरभरा

रविवारी परत एका गावात जाऊन आले, परांड्याच्या बाजूला. घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले, पाय ठणकतायत पण लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून बसलीय.

आम्ही बार्शीच्या सात-आठ जणी आहोत. कुणी शाळेत शिकवते, कुणाचं टेलरिंग, मी पतसंस्थेत, आणि दोघी जणी स्वतः ब्रेस्ट कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या. बायकांशी कॅन्सरबद्दल बोलायला महिन्यातले दोन रविवार गावं करतो. आशाताई आधी निरोप देऊन ठेवतात, मग कुठं बचत गटाच्या मीटिंगला जोडून, कुठं संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला, कुठं नुसतं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसतो. सुरवातीला आम्ही मोठा बॅनर न्यायचो, त्यावर कॅन्सर शब्द ठळक लिहिलेला, आणि बायका लांबूनच वळून जायच्या. आता बॅनर नेत नाही. पण शब्द लपवायचा नाही यावर मी ठाम आहे. बायका बसल्या, चहा झाला, की सरळ कॅन्सरच म्हणायचं, ‘मोठा आजार’, ‘तो रोग’ असलं काही नाही, कारण नाव घ्यायचीच भीती असेल तर दवाखान्यात जाऊन ती बाई सांगणार तरी काय.

छातीतली गाठ हाताला कशी लागते हे कळावं म्हणून बरोबर कणकेचे दोन गोळे नेतो. पोळीला मळतो त्यापेक्षा जरा सैल, वरून तेलाचा हात, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून, नाहीतर उन्हात वरची साल धरते. एकात काहीच नाही, दुसऱ्यात खोल एक हरभरा. हे गोळे हातोहात फिरवायचे. पहिल्यांदा हसतात सगळ्या, आत पुरण भरलंय का म्हणतात. मग आम्ही दाखवतो की मधली तीन बोटं सपाट ठेवायची, गोल गोल फिरवत दाबायचं, चिमटीत धरायचं नाही, चिमटीत धरलं की सगळंच गाठीसारखं लागतं. आणि मग एखादीला तो हरभरा बोटाखाली लागतो. त्या क्षणी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो, हसणं थांबतं आणि दुसरा हात आपोआप पदराकडे जातो. रविवारी एक म्हातारी आजी गोळा सोडायलाच तयार नव्हती, डोळे मिटून किती वेळ दाबत बसली, आणि म्हणाली, दुखत नाही की गं हे. तेच तर आजी! दुखत नाही म्हणूनच बाया वर्ष वर्ष अंगावर काढतात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हेही आम्ही लगेच सांगतो, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण किंवा सासूबाईंनी नाही. आणि घरी हात लावून बघितलं म्हणजे तपासणी झाली असंही नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी वीस वर्षं चालवलेला अभ्यास 2021 मध्ये आला, त्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं छाती तपासायच्या, मशीन नाही काही नाही, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मी हे गावात सांगते तेव्हा सिस्टरताईंची मान वर होते, आणि व्हायलाच पाहिजे.

आपल्या भागाला तर याचा मोठा वारसा आहे, बार्शीच्या पोरांनाही तो माहीत नसतो याचं वाईट वाटतं. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 ला बार्शीत सुरू झाली, बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांची. नोंदणीची माणसं गावोगाव जायची, लोकांशी बोलायची, लक्षणं सांगायची. आणि काही वर्षांतच दिसलं की गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला यायला लागल्या. नुसत्या बोलण्यानं! पुढं 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर अभ्यास झाला, आणि 2009 मध्ये जगानं वाचलं की ज्या गटाला एकदाच, आयुष्यात एकदाच, एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची, टेस्ट मिळाली त्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले. त्या सगळ्या आपल्याच आया-मावश्या. ज्वारी काढता काढता येऊन तपासून गेलेल्या. त्यांची नावं कुठं छापलेली नाहीत पण जगभरच्या तपासण्यांना त्यांच्यामुळे आधार मिळाला.

पिशवीबद्दल बोलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, संबंधानंतर रक्त जातं, हे सगळ्यांसमोर कोण बोलेल. मी नेहमी बघते, खरा प्रश्न मीटिंगमध्ये येतच नाही. तो येतो आम्ही चपला घालताना. एखादी कपबश्या उचलायच्या निमित्तानं मागं राहते. दोन वर्षांपूर्वी अशाच एक काकू मागं राहिल्या, मोरीत कप विसळता विसळता पाठमोऱ्याच म्हणाल्या, ताई, माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली आणि आता परत डाग दिसतोय, म्हटलं उष्णतेनं असंल. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. एवढंच म्हटलं, उद्या सकाळच्या एसटीनं या, मी स्टँडवर उभी राहते. आल्या. कॅन्सरच निघाला पण दुसऱ्या स्टेजला, शेक म्हणजे रेडिएशन घेतलं (आमच्याकडे लाईट देणं पण म्हणतात), सरकारच्या फुले योजनेत बसलं, आज त्या शेळ्या राखतायत. स्टँडवर उभी राहते हे वाक्य मी तेव्हापासून सोडलं नाही. माहिती सगळे देतात, मोबाईलवर तर ढीगभर येते, पण बाईला दवाखान्यात कुणाच्या तरी बरोबर जायचं असतं.

उलटं पण होतं. कॅन्सर होईल अशी भीती घालून पिशवी काढून टाकायला लावतात, तिशीतल्या पोरींना! बीडच्या ऊसतोड बायकांचं 2019 ला सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं, पण आमच्याकडच्या कुठल्याही गावात विचारा, पाच जणी हात वर करतील. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा ते गोळ्यांनी बरं होणारं इन्फेक्शन असतं, हे मी ओरडून सांगते, राग येतो मला. मिश्रीचं पण तसंच, तंबाखू खाता का विचारलं की सगळ्या नाही म्हणतात, आणि मिश्री विचारलं की निम्म्या हसून तोंडाला पदर लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की.

आता जी गोष्ट मनातून जात नाही ती. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका गावात सिस्टरताईंनी व्हीआयए टेस्ट केली. सोपी असते, पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं, मिनिटभर थांबायचं, आणि जिथं पेशी बदललेल्या असतात तिथं पांढरा डाग उमटतो. एका पोरीला डाग आला, बत्तीस वर्षांची, दोन लेकरं. डाग म्हणजे कॅन्सर नाही, कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि या टप्प्यावर मिनिटभर उष्णता देऊन ती जागा जाळली की बहुतेकींचं काम तिथंच संपतं. पण त्या दिवशी कॅम्पला ते मशीन नव्हतं. पुढच्या बुधवारी तालुक्याला या म्हटलं. मान हलवली तिनं. बुधवारी मी स्टँडवर दीड तास उभी होते.

घरी गेले तर कुलूप. ऊसतोडीची टोळी सोमवारीच निघाली होती, कोल्हापूरकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. ती कुठून येणार होती. चूक आमची होती, तारीख ठरवताना टोळ्या कधी निघतात हे एकीनंही विचारलं नाही, आणि मी तर याच मातीत वाढलेली. तिच्या जाऊबाईकडून नंबर घेतला, तीन-चार वेळा लागला, फडावर रेंज नसते, एकदा बोलली, म्हणाली ताई दुखत काहीच नाही, पाडव्याला आल्यावर बघू. मी तिला भीती घातली नाही. भीती घालायची नाही हे आमचं ठरलेलं आहे.

तेव्हापासून आमचं ठरलंय, कॅम्प श्रावणातच घ्यायचा आणि मशीन मिळणार असेल तरच तारीख द्यायची, म्हणजे डाग दिसला तर त्याच दिवशी. डॉक्टरांशी त्यावरून दोनदा वाद झाला, पण आता पटलंय त्यांना. आणि रविवारी येताना मुद्दाम तिच्या गावावरून आले. कुलूप तसंच आहे, पण जाऊबाई म्हणाल्या कारखाना बंद व्हायला आलाय, दहा-बारा दिवसांत येतील. त्यांच्याकडे माझा नंबर परत लिहून दिला, भिंतीवर खडूनं, कागद हरवतो म्हणून. ट्रॅक्टर गावात शिरला की लगेच मिस कॉल द्यायचा असं ठरलंय, आणि मी रजेचा एक दिवस राखून ठेवलाय.