उभे टॅब

दुपारच्या जेवणानंतर आणि कामाला हात घालण्याआधी जी दहा मिनिटं उगाचच जातात, त्यात माझ्या ब्राउझरनं, म्हणजे फायरफॉक्सनं, कळवलं की तो आता नवा झालाय. तसा तो दर चार आठवड्यांनी नवा होतच असतो. पूर्वी असं नव्हतं. २००८ च्या जूनमध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा चोवीस तासांत ऐंशी लाखांवर लोकांनी ती उतरवून घेतली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या ऐंशी लाखांत मीही आहे. बीएसएनएलच्या आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, म्हणून गजर लावून दोनला उठलो होतो. आता ब्राउझरसाठी कोण झोपमोड करतंय! आवृत्ती कितवी आहे हेसुद्धा बघत नाही आपण.

पण परवा बघितलं, कारण टॅब उभे करता येतात असं कळलं. २०२५ च्या मार्चपासूनच येतात म्हणे. केले उभे. वरची चेंगराचेंगरी गेली आणि सगळी नावं डाव्या बाजूला एकाखाली एक, पूर्ण वाचता येतील अशी उभी राहिली. बघितलं आणि आजोबांची तार आठवली.

गावच्या घरी ओटीवर, खिडकीच्या गजाला ती लटकलेली असायची. वर आकडा, खाली लाकडी चकती, आणि मध्ये ओवलेले कागद. लाइटची बिलं, घरपट्टीच्या पावत्या, पोस्टकार्डं, आंतर्देशीय, लग्नपत्रिका, खताच्या दुकानातलं गुलाबी चिटोरं. कागद टोचायचा मान आजोबांचा. ते आधी कागद चष्म्यासमोर धरत, आकडा आणि तारीख सोडून मोकळी जागा शोधत, आणि मग अंगठ्यानं दाबत. टच्च. आम्हा पोरांना तो आवाज फार आवडायचा, पण हात लावायची सोय नव्हती.

गंमत अशी की त्यांना काहीही सापडायचं. तलाठ्याकडची पावती हवी असली की म्हणायचे, ‘‘अरे, बाळ्याच्या मुंजीच्या पत्रिकेच्या खाली बघ. त्याच्या आधीच भरला होता सारा.’’ आणि ती तिथेच असायची. कागद ज्या क्रमानं घरात आला त्याच क्रमानं तारेत गेला, एवढीच व्यवस्था. वर्षाचा पाऊस, सणवार, देणीघेणी, सगळं त्या क्रमातच. एकच कागद तारेत कधी गेला नाही, तो म्हणजे कोपरा फाडलेलं कार्ड. ते अंगणातच वाचायचं, तिथेच फाडायचं, आणि सगळ्यांनी अंघोळी करायच्या.

माझे टॅबही असेच आल्या क्रमानं साठलेले. सगळ्यात वर गॅस गीझरच्या सुरक्षिततेबद्दलचा एक लेख, म्हणजे ती थंडी. त्याच्याखाली गेटवे-मांडवा लाँचचं वेळापत्रक, मग डाव्या खांद्याचे व्यायाम. लाँच आणि खांदा यांचा संबंध आहे, पण तो सांगत बसत नाही. वाचायचं म्हणून कुणी टॅब उघडे ठेवत नाही, हे एकदा मान्य करून टाकू. बंद करायचं की नाही ते आज ठरवायला नको, म्हणून ठेवतो.

तर आता या टॅबांचे गटही करता येतात. गंमत म्हणजे हे २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीतही होतं, पॅनोरमा नावानं. फारसं कुणी वापरेना म्हणून २०१६ ला काढून टाकलं. मग लोक इतकी वर्षं ‘गट द्या, गट द्या’ म्हणून मागे लागले की ती सगळ्यात मोठी मागणी ठरली, आणि २०२५ मध्ये ते परत आलं. माणसांचं हे असंच. वर आता एआय गटाचं नावही सुचवतो, तेही आपल्याच कॉम्प्युटरवर बसून, बाहेर काही न पाठवता. मी लाँच आणि दोन हॉटेलं एकत्र केली, त्यानं ‘ट्रॅव्हल’ सुचवलं. बरोबरच आहे. पण लाँच गटात गेली आणि खांदा एकटाच मागे राहिला, तेव्हा मला ते काही बघवेना. गट मोडून सगळं होतं तसं लावलं.

लावताना त्यांच्याखालीच आणखी एक जुना टॅब दिसला. आमच्या ट्रेकच्या कंपूतली एकजण घाटवाटांवर लिहायची, तिच्या साइटवरचं एक पान. ती गेली. डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, वर्षाचे पैसे भरायचे असतात हे मागच्यांना माहीत नसणार, त्यामुळे साइटही गेली. फोनवरून उघडून बघितलं, सर्व्हरच सापडत नाही. पण ब्राउझर पुन्हा सुरू झाला की जुने टॅब आपण क्लिक करेपर्यंत लोड होत नाहीत. नुसतं नाव दिसत राहतं. तिनं दिलेलं शीर्षक तिथे अजून आहे, तिच्या नेहमीच्या तीन उद्गारचिन्हांसकट. मी त्यावर क्लिक करत नाही.