तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच टीममध्ये दोन ५ नंबर कसे?

दर सीझनला कोणी ना कोणी विचारतंच. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा विचारतात, नवीन शिफ्ट झालेले शेजारी विचारतात, मागे पुण्याच्या मावसभावाने तर रोस्टरचा, म्हणजे टीमच्या यादीचा, फोटो बघून लगेच मेसेज टाकला, अरे ५ नंबर दोनदा छापलाय, प्रूफ कोणी वाचत नाही का तुमच्याकडे. वाचतात रे बाबा. दोन वेगळी पोरं आहेत, दोघांच्या पाठीवर ५, आणि इथे टेक्सासात काय किंवा बाकी अमेरिकेत काय, हायस्कूल फुटबॉलमध्ये हे सर्रास चालतं. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला, लांबट बॉलचा.)

मलाच का विचारतात, तर मी शाळेच्या मॅचला प्रेस बॉक्समध्ये बसतो. मुलगा फुटबॉल खेळत नाही हां, तो बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, पण बँडला दर शुक्रवारी मॅचला जावंच लागतं आणि मुलाला सोडायला गेलेला बाप कुठल्या ना कुठल्या व्हॉलंटियर लिस्टमध्ये अडकतोच. मी अनाउन्सरचा स्पॉटर झालो. काम सोपं दिसतं: समोर एक पुठ्ठा, त्यावर आपल्या टीमचे नंबर आणि नावं, डावीकडे ऑफेन्स, उजवीकडे डिफेन्स, गळ्यात दुर्बीण. बॉल कोणी पकडला, पाडलं कोणी, बघायचं आणि त्या नावावर बोट ठेवायचं, अनाउन्सर माइकवर वाचतो. आमच्या पुठ्ठ्यावर ५ डावीकडेही आहे, उजवीकडेही. डावीकडचा रिसीव्हर (पास पकडणारा), उजवीकडचा सेफ्टी (सगळ्यात मागे राहून बचाव करणारा). बॉल आपल्याकडे असला की डावीकडचा, समोरच्यांकडे असला की उजवीकडचा.

आता का, ते. नंबर ० ते ९९, म्हणजे शंभरच. त्यातले ५० ते ७९ ऑफेन्सच्या लाइनमध्ये उभे राहणाऱ्या धिप्पाड पोरांसाठी लागतात, कारण त्यांना पुढचा पास पकडायची परवानगी नसते आणि रेफरीला ते नंबरावरूनच कळतं. म्हणजे रिसीव्हर, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), क्वार्टरबॅक (पास फेकणारा) वगैरेंना उरले सत्तर. त्यातही प्रत्येकाला सिंगल डिजिट पाहिजे, कारण टीव्हीवरचे स्टार तेच घालतात, ४३ घेऊन कोण मिरवणार? काही शाळांनी जुन्या खेळाडूंचे नंबर रिटायर केलेले असतात, तेही गेले. आणि इकडे पोरं किती, तर मोठ्या शाळेत ऐंशी-नव्वद सहज ड्रेस करून साइडलाइनला उभी, प्लेऑफमध्ये ज्युनियर टीमची पोरं वर घेतात तेव्हा अजून गर्दी. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, ५३ जणांचं रोस्टर, तिथे प्रत्येकाला स्वतंत्र नंबर परवडतो (सीझनच्या आधी ९० जण असतात तेव्हा तिथेही डबल होतातच). शाळेला नाही परवडत.

टेक्सासचं एक वेगळंच आहे, इथल्या शाळा कॉलेजच्या म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमांनी खेळतात, थोडे स्वतःचे फेरफार करून. त्या नियमांत २०२० पासून शून्य नंबर चालायला लागला आणि त्याच वेळी एका नंबरचे जास्तीत जास्त दोघंच असं ठरलं, त्याआधी तेवढंही बंधन नव्हतं. दोघं एकाच पोझिशनला नकोत, आणि एकाच वेळी मैदानात तर अजिबात नकोत, नाहीतर पेनल्टी.

सगळी गंमत या शेवटच्या अटीत आहे, कारण पंट (बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देणं) आणि किकऑफला (लाथ मारून खेळ सुरू करताना) ऑफेन्स-डिफेन्स सगळी सरमिसळ असते. मागच्या सीझनला आमचा एक पोरगा पाय मुरगळून बाहेर बसला, पंटच्या टीममध्ये त्याच्या जागी जायचं होतं नेमकं सेफ्टीवाल्या ५ ला, आणि रिसीव्हरवाला ५ आधीच त्या टीममध्ये. मी वरून दुर्बिणीतून बघतोय, असिस्टंट कोच ट्रंकेतून स्पेअर जर्सी काढतोय, ३८ नंबर, पाठीवर नाव नाही, आणि दोन जण मिळून त्या पोराच्या शोल्डर पॅडवरून ती खाली खेचतायत, अर्ध्यात अडकली, पोरगा दोन्ही हात वर करून आंधळ्यासारखा उभा. घातली एकदाची. मग रेफरीला जाऊन सांगायचं, हाच तो ५, आता ३८, लपवाछपवी नाही. आणि अनाउन्सर माझ्याकडे बघतोय की हा ३८ कोण, आपल्या पुठ्ठ्यावर तर नाहीच!

आपल्या लोकांना हे खटकतं ते मला समजतं. आपल्यासाठी नंबर म्हणजे माणूस. १० म्हणजे सचिन, विषय संपला. २०१७ मध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेत वनडे पदार्पणात १० घातला तर लोकांनी त्याला सोशल मीडियावर एवढं झोडपलं की बिचारा नंतर ५४ वर गेला. इथे शाळेत नंबर पोराचा नसतोच, जर्सी शाळेची असते, सीझन संपला की धुऊन परत करायची, पुढच्या वर्षी तीच दुसऱ्याच्या अंगावर. सिनियर आधी निवडतात, उरलेलं खालच्यांना. आणि मला विचाराल तर डबल नंबर हे चांगलं लक्षण आहे, याचा अर्थ कोचने पोरं कापली नाहीत. शाळेच्या क्रिकेट टीमच्या सिलेक्शनला पन्नास जण जायचो आणि पंधरा ठेवून बाकीच्यांना घरी पाठवायचे, त्या पस्तिसातला मी. दोघांना एक ५ वाटून दिला तर कोणाचं काय बिघडतं?

बिघडतं ते आईवडिलांचं. याने केलेला टॅकल (समोरच्याला पाडणं) त्याच्या नावावर लागला की सोमवारी फोन येतात, कारण कॉलेजवाले खेळाडू घेताना आकडे बघतात.

याच टेक्सासातली एक गोष्ट मात्र मी विचारणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. २ जानेवारी १९२२, डॅलस, टेक्सास ए अँड एम विद्यापीठ विरुद्ध सेंटर कॉलेज. ए अँड एमची पोरं एकामागून एक जखमी होतायत, आणि ई. किंग गिल नावाचा त्यांचाच एक विद्यार्थी, जो फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे गेला होता, वर प्रेस बॉक्समध्ये बसून एका पत्रकाराला खेळाडू ओळखून देतोय, म्हणजे माझंच काम! कोच डॅना बायबलने त्याला खाली बोलावलं, त्याने जखमी खेळाडूचा युनिफॉर्म अंगावर चढवला आणि मॅच संपेपर्यंत साइडलाइनला तयार उभा राहिला. खेळायची वेळ आलीच नाही, ए अँड एम २२-१४ ने जिंकले. मैदानात अकरा, हा बारावा, म्हणून त्याच्या आठवणीत तिथे १२ नंबर आजही एका वॉक-ऑनला, म्हणजे स्कॉलरशिप नसलेल्या खेळाडूला देतात, आणि विद्यार्थी अख्खी मॅच उभं राहून बघतात.

तर यंदा मॅचला आलात तर गेटवर रोस्टर घ्या. त्यात एक नंबर दोनदा दिसला तर पुढे पोझिशन लिहिलेली असते ती बघा. आमच्यातला रिसीव्हर ५ पांढरे ग्लव्ह्ज घालतो, सेफ्टीवाला घालत नाही. पंटला मात्र मला विचारू नका, तेव्हा मी बिझी असतो.